ब्रिटनमध्ये किट कारचा विमा: खर्च किती आणि तो कसा काढायचा

किट कार म्हणजे सुटे भाग मागवून घरच्या गॅरेजमध्ये उभी केलेली गाडी. ब्रिटनमध्ये हा नाद जुना आहे. १९५७ साली आलेली लोटस सेव्हन कितीतरी जणांनी स्वतःच जोडली, कारण तयार गाडीवर परचेस टॅक्स बसायचा आणि सुट्या भागांवर बसत नसे. १९७३ मध्ये तो कर जाऊन व्हॅट आला आणि त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले. कराचा फायदा संपला, नाद मात्र तसाच राहिला. इथे स्थायिक झालेल्या आपल्यापैकी कुणाला तो लागला, की किट, इंजिन, रंग, टायर अशी सगळी यादी पक्की होते आणि विम्याचा प्रश्न अगदी शेवटी निघतो. तो खरं तर सगळ्यात आधी निघायला हवा.

किती पडतो याचं एका आकड्यात उत्तर नाही. जो छातीठोकपणे आकडा सांगतो त्याला त्याची गाडी, त्याचं वय आणि त्याचा पोस्टकोड माहीत असतो, तुमचा नाही. पण साधारण कल सांगता येतो. वय तिशीच्या पुढे, ब्रिटिश परवाना बऱ्याच वर्षांचा, रोजच्या वापराला वेगळी गाडी आणि किट कार फक्त सुट्टीच्या दिवशी बाहेर काढायची, असं असेल तर प्रीमियम बऱ्याचदा रोजच्या हॅचबॅकपेक्षाही कमी येतो. ऐकणाऱ्याला हे पटत नाही, पण तसं होतं. उलट परवाना नुकताच मिळालेला आणि गाडी रस्त्यावर रात्रभर उभी राहणार असेल, तर आकडा डोळे पांढरे करतो. काही कंपन्या तर कोटेशन द्यायलाच नकार देतात.

पुढच्या पायऱ्या ज्या क्रमाने कराव्या लागतात त्याच क्रमाने दिल्या आहेत.

१. किट मागवण्याआधी कोटेशन घ्या

दर तुलना करणाऱ्या वेबसाइटवर पहिलाच रकाना नंबरप्लेटचा असतो आणि तुमच्या गाडीला अजून नंबरच नसतो. तो टाळून पुढे गेलात तर कंपनी आणि मॉडेलची यादी येते. त्यात केटरहॅम, वेस्टफील्डसारखी मोठी नावं सापडू शकतात, लहान किटवाल्यांची सहसा नसतात. शोरूमच्या गाड्या विम्यासाठी धोक्यानुसार ठरवलेल्या गटांत बसवलेल्या असतात. घरी जोडलेली गाडी कोणत्याच गटात बसत नाही, त्यामुळे तिचा दर माणसाला डोकं चालवून ठरवावा लागतो. मी पहिल्यांदा एका नेहमीच्या विमा कंपनीला फोन केला तेव्हा पलीकडच्या मुलीने विचारलं, दारं किती? म्हटलं, दारंच नाहीत. तिच्या कॉम्प्युटरला शून्य हा आकडा मान्य नव्हता, आणि आमचं बोलणं तिथेच संपलं.

इथे एक सापळा आहे. यादीत आपलं मॉडेल नाही म्हणून लोक डोनर गाडीचं, म्हणजे जिचे इंजिन वगैरे भाग काढून वापरले त्या जुन्या गाडीचं, नाव टाकतात. माझदा एमएक्स-५ चे भाग वापरले आहेत ना, मग तीच निवडू. कोटेशन झकास येतं. पण मग विमा एमएक्स-५ चा झालेला असतो, तुमच्या गाडीचा नाही, आणि हे क्लेमच्या वेळी उघडं पडतं.

तेव्हा सरळ किट कारचं काम करणाऱ्या ब्रोकरला फोन करा. ब्रिटिश इन्शुरन्स ब्रोकर्स असोसिएशनकडे असा ब्रोकर शोधून देण्याची सोय आहे. त्याहून चांगली वाट म्हणजे तुमच्या मॉडेलचा ओनर्स क्लब. तिथल्या मंडळींना कोण फोन उचलतो आणि कोण क्लेम देतो हे दोन्ही माहीत असतं.

फोन करताना हाताशी ठेवा: किटचं नाव, इंजिन कुठलं आणि किती सीसीचं, अश्वशक्ती, अंदाजे वजन, गाडी तयार झाल्यावरची किंमत, वर्षाला किती मैल, रात्री कुठे उभी राहणार. मग एकाच किटसाठी दोन वेगवेगळ्या इंजिनांचा दर विचारा. कधी फरक नगण्य निघतो, कधी इतका निघतो की इंजिनाचा बेतच बदलावासा वाटतो. हायाबुसासारखं मोटारसायकलचं इंजिन बसवायचं मनात असेल तर हा प्रश्न विसरू नका. काही ठिकाणी तेवढ्यावरूनच नकार येतो.

आणखी एक विचारून घ्या: जोडणीच्या काळातला, नोंदणीआधीच्या टेस्टला नेण्याचा आणि नंतर रस्त्यावरचा असे तिन्ही टप्पे हाच ब्रोकर सांभाळेल का? एकाच ठिकाणी सगळं झालं तर पुढची बरीच कटकट वाचते.

२. प्रीमियम कशावर ठरतो ते समजून घ्या

सगळ्यात जास्त भार चालकावर असतो. वय, परवान्याची वर्षं, दंडाचे पॉइंट, मागचे क्लेम, पोस्टकोड, नोकरी. किट कारच्या बऱ्याच योजनांमध्ये वयाची २५ ची अट असते. भारतातून आलेल्यांचं घोडं इथेच पेंड खातं. भारतीय परवान्यावर इथे राहायला आल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते, पण तो परवाना देऊन ब्रिटिश परवाना बदलून मिळत नाही. थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही परीक्षा द्याव्याच लागतात. विमा कंपनी साधारणपणे त्या ब्रिटिश परवान्याच्या तारखेपासून अनुभव मोजते. पुण्यात पंधरा वर्षं गाडी चालवली असली तरी कागदावर तुम्ही नवशिके. भारतातला नो क्लेम बोनसही बहुतेक ठिकाणी धरत नाहीत. तरी पत्र जवळ असेल तर दाखवून पाहा. ब्रोकर माणूस असल्यामुळे तो निदान वाचतो तरी.

बायकोच्या नावावर घेतली तर स्वस्त पडेल, हा हिशेब सोडून द्या. स्त्री की पुरुष यावरून प्रीमियम ठरवायला डिसेंबर २०१२ पासून बंदी आहे. शिवाय प्रत्यक्षात चालवणार तुम्ही आणि मुख्य चालक म्हणून नाव दुसऱ्याचं, ही फसवणूक धरली जाते.

मग गाडी. सेव्हनच्या धाटणीची गाडी साडेपाचशे किलोच्या आसपास भरते. तिच्यात दीडशे अश्वशक्तीचं इंजिन म्हणजे टनामागे पावणेतीनशे अश्वशक्ती झाली. तेच इंजिन तेराशे किलोच्या हॅचबॅकमध्ये असेल तर टनामागे सव्वाशेही भरत नाही. तरी प्रीमियम दुप्पट होत नाही, याला कारणं आहेत. पत्रा आणि फायबरग्लास स्वस्तात बदलता येतो. एअरबॅग, कॅमेरे, सेन्सर यांचा खर्च नसतो. दुरुस्ती बहुधा मालकच करतो, आणि ज्याने गाडीचा एकेक नट आवळलेला असतो तो ती गाडी जपूनच चालवतो. विमा कंपन्यांना हे अनुभवाने ठाऊक आहे.

मात्र एक गोष्ट गाडी कितीही छोटी असली तरी कमी होत नाही. दुसऱ्याला झालेल्या शारीरिक इजेची भरपाई ब्रिटनच्या कायद्यात अमर्याद आहे. तीन हजार पौंडांच्या जुन्या किट कारने कुणाला कायमचं अपंगत्व आलं तर कंपनीला लाखो पौंड मोजावे लागू शकतात. म्हणून फक्त थर्ड पार्टी घेतला की प्रीमियम अगदी नावापुरता होईल अशी आशा धरू नका. अनेकदा कॉम्प्रिहेन्सिव्ह आणि थर्ड पार्टी यांत फारसं अंतर नसतं. दोन्ही दर मागवा आणि मग ठरवा.

वापराबद्दल थोडक्यात: कमी मैल, कमी पैसे. १५००, ३०००, ५००० मैल अशा पायऱ्या असतात. हौसेचा वापर वेगळा आणि कामावर ये-जा वेगळी. उन्हाळ्यात एखाद्या शुक्रवारी ऑफिसला न्यायची इच्छा असेल तरी ती आधी सांगावी लागते.

आणि कर. २०१७ च्या जूनपासून विम्याच्या प्रीमियमवर १२ टक्के इन्शुरन्स प्रीमियम टॅक्स आहे. फोनवर सांगितलेल्या आकड्यात तो धरलाय का, आणि ब्रोकरची फी वेगळी आहे का, एवढे दोन प्रश्न विचाराच. ४०० चे ४४८ होतात, त्यावर फी चढते, आणि स्वस्त वाटलेलं कोटेशन महाग ठरतं.

३. जोडणी चालू असतानाच विमा सुरू करा

गाडी चालत नाही, मग विमा कशाला, असं वाटतं. पण गॅरेजमध्ये हजारो पौंडांचे भाग पडलेले असतात आणि घराचा विमा मोटारगाड्या व त्यांचे भाग बहुतेक वेळा वगळतो. तुमच्या घराच्या पॉलिसीतलं ते कलम काढून एकदा वाचा. किट कारवाले ब्रोकर जोडणीच्या काळासाठी आग आणि चोरीचा वेगळा विमा देतात. रस्त्याचा धोका नसल्यामुळे तो रस्त्यावरच्या विम्यापेक्षा बराच स्वस्त पडतो. सुरुवातीला नुसती चासी असते, मग इंजिन येतं, मग गिअरबॉक्स. प्रत्येक मोठी खरेदी झाली की रक्कम वाढवून घ्या. पावत्या एका फाईलमध्ये ठेवा आणि फोनवर फोटोही काढून ठेवा. गॅरेज जळलं तर फाईलही जळते.

आता डोनर गाडीचा सापळा. तुमच्या नव्या गाडीची अजून नोंदणी नाही, त्यामुळे तिला टेस्टपर्यंत रस्त्याच्या विम्याची सक्ती नाही. पण जिचं इंजिन काढायला आणली ती जुनी गाडी डीव्हीएलएच्या, म्हणजे गाड्यांची नोंदणी करणाऱ्या सरकारी खात्याच्या, दप्तरी जिवंत आहे. २०११ पासूनच्या नियमाप्रमाणे नोंदलेल्या गाडीला एक तर विमा हवा, नाहीतर ती रस्त्यावर नाही असं निवेदन, म्हणजे सॉर्न, दिलेलं हवं. चाकं काढून विटांवर ठेवलेल्या गाडीबद्दलही पत्र येतं आणि १०० पौंडांचा दंड होतो. गाडी घरी आणली त्याच दिवशी कागद नावावर करून सॉर्न भरून टाका. ऑनलाइन होतं, पैसे पडत नाहीत.

४. टेस्टला जाण्यासाठी चासी नंबरवर विमा

हौशी माणसाने जोडलेल्या गाडीला नोंदणीआधी आयव्हीए नावाची तपासणी पार करावी लागते. आधी एसव्हीए नावाची तपासणी होती, २००९ पासून ही. वेळ ठरवून घेतलेली असेल तर नंबरप्लेट नसलेली गाडी टेस्ट सेंटरपर्यंत चालवत नेता येते, पण विमा असावाच लागतो. नंबर नाही म्हणून हा विमा चासी नंबरवर काढतात. प्रमाणपत्रावरचा नंबर चासीवरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळतोय ना, हे घरीच तपासा. शून्य आणि ओ, एक आणि आय यांची अदलाबदल होणं अगदी सोपं असतं.

माझं मत विचाराल तर पहिल्या टेस्टला गाडी ट्रेलरवरून न्यावी. नव्याने जोडलेल्या गाडीचा पहिला मोठा प्रवास टेस्टच्या सकाळी मोटरवेवर करण्यात शहाणपण नाही. आणि नापास झालात तरी गाडी परत आणताना ती रस्त्यावर चालवायच्या स्थितीत आहे का, या वादात पडावं लागत नाही. ट्रेलरवर असताना झालेलं नुकसान कोणत्या पॉलिसीत बसतं ते मात्र आधी विचारा.

पास झालात की आयव्हीएचं प्रमाणपत्र, नोंदणीचा व्ही५५/४ किंवा व्ही५५/५ हा फॉर्म, स्वतः बांधलेल्या गाडीचा व्ही६२७/१ हा तपशीलपत्रक फॉर्म आणि ५५ पौंड नोंदणी फी असं सगळं डीव्हीएलएकडे जातं, त्याबरोबर रोड टॅक्सही. नंबर येईपर्यंत वाट पाहावी लागते. चासी नंबरवरच्या विम्याला बऱ्याच कंपन्या मुदत घालतात. मुदत संपत आली आणि नंबर आला नाही, तर आपणहून फोन करून वाढवून घ्या. त्यांच्याकडून आठवण येईल या भरवशावर राहू नका.

कोणता नंबर मिळतो त्याचाही विम्याशी संबंध आहे. सगळे भाग नवे असतील तर चालू वर्षाचा नंबर मिळू शकतो. डोनरचे मुख्य भाग असतील आणि त्यांचा पुरावा असेल तर त्या वयाला साजेसा. भागांचा ठावठिकाणा सिद्ध करता आला नाही तर क्यू प्लेट, म्हणजे क्यू अक्षराने सुरू होणारा नंबर. क्यू असलेली गाडी बेकायदा नसते, पण काही विमा कंपन्या तिच्याकडे संशयाने पाहतात आणि विकतानाही भाव पडतो. इंजिन ज्याच्याकडून घेतलं त्याची सही असलेली साधी पावतीही यातून वाचवते. रोखीने, पावतीशिवाय घेतलेलं स्वस्त इंजिन पुढे महाग पडतं ते असं.

नंबर हातात आला की त्याच दिवशी ब्रोकरला कळवा आणि काही दिवसांनी मोटर इन्शुरन्स डेटाबेसमध्ये आपला नंबर दिसतोय ना ते पाहा. पोलिसांचे कॅमेरे तोच डेटाबेस बघतात. विमा नसलेली गाडी चालवली तर जागेवरचा दंड ३०० पौंड आणि परवान्यावर ६ पॉइंट. नव्या चालकाचा परवाना पहिल्या दोन वर्षांत ६ पॉइंटवर रद्दच होतो.

५. गाडीची किंमत आधी लिहून मान्य करून घ्या

सगळ्या लेखातून एकच पायरी लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवा. साध्या पॉलिसीत गाडी चोरीला गेली की बाजारभाव मिळतो. फोर्ड फिएस्टाचा बाजारभाव कुणीही दहा मिनिटांत काढेल. तुमच्या गाडीसारखी दुसरी गाडीच नाही, मग भाव कशावरून काढणार? कंपनीचा माणूस खालून सुरुवात करतो, तुम्ही वरून, आणि मधल्या काळात गाडी नसते ती नसतेच. याला उपाय म्हणजे ॲग्रीड व्हॅल्यू: पॉलिसी सुरू होतानाच दोन्ही बाजूंनी एक रक्कम लेखी मान्य करायची. गाडी पूर्ण गेली तर तीच रक्कम, त्यातून एक्सेस, म्हणजे क्लेममधला तुमच्या खिशातून जाणारा ठरलेला हिस्सा, वजा.

यासाठी थोडा जास्त प्रीमियम पडला तरी द्या. शंभर पौंड वाचवायला बाजारभावाची पॉलिसी घेणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

रक्कम ठरवताना तुमच्या श्रमाचे तास कुणी मोजत नाही हे आधीच मनाशी मान्य करा. किटची किंमत, बाकीच्या भागांच्या पावत्या, आणि त्याच मॉडेलच्या गाड्या सध्या किती पौंडांना विकायला लागल्या आहेत त्याच्या जाहिराती, या तिन्हींच्या मधे कुठेतरी आकडा येतो. फुगवून सांगितलात तर पुरावा मागतात आणि प्रीमियमही वाढतो. काही क्लब सभासदांच्या गाड्यांची किंमत ठरवून पत्र देतात. विमा कंपन्या ते मानतात का, ते आधी ब्रोकरला विचारा.

फोटो नीट काढा. चारही बाजू, आतला भाग, मैलांचा आकडा, इंजिन बे, चाकं, रोल बार. सगळ्यात जास्त लोक अडखळतात ते चासी नंबरच्या फोटोत. नळीवर ठोकलेल्या नंबरवर टॉर्च समोरून मारली तर फोटोत नुसता चकाकणारा पांढरा डाग येतो. टॉर्च बाजूने, जवळजवळ नळीला टेकवून तिरपी धरा. मग प्रत्येक आकड्याच्या खाचेत सावली पडते आणि तो स्पष्ट वाचता येतो. रंग दिलेला असेल तरीही चालतं. इंजिन नंबरसाठी ब्लॉकवरची ती जागा आधी फडक्याने पुसून घ्या.

ॲग्रीड व्हॅल्यूला मुदत असते. ती संपली आणि तुम्ही नवे फोटो पाठवले नाहीत, तर काही पॉलिसी मुकाट्याने बाजारभावावर येतात. पत्रात तारीख कुठे आहे ते शोधून कॅलेंडरमध्ये टाका.

याच वेळी आणखी दोन गोष्टी मागून घ्या. एक, गाडी मोडीत काढली तर ती परत विकत घ्यायचा पहिला हक्क तुमचा. चासी वाकली तरी इंजिन, गिअरबॉक्स, सीट शाबूत असतात. दुसरी, दुरुस्ती स्वतः किंवा तुमच्या पसंतीच्या माणसाकडून करायची मुभा. फायबरग्लासचं बोनेट कसं सांधायचं हे साध्या बॉडीशॉपला माहीत नसतं.

६. जे आहे ते सगळं सांगा

नेहमीच्या गाडीत अलॉय व्हील बदलले तरी कळवावं लागतं. किट कारमध्ये तर सगळंच बदललेलं. म्हणून लोक म्हणतात, काय काय सांगायचं, किट कार म्हटलं की आलं सगळं त्यात. तसं नाही. इंजिन कुठलं, कॅमशाफ्ट मूळचा की वेगळा, थ्रॉटल बॉडी, ईसीयूचं (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं) मॅपिंग, ब्रेक, रोल केज, सगळं लिहून पाठवा आणि मिळाल्याची पोच घ्या. फोनवर सांगितलेलं असेल तरी त्याच दिवशी ईमेल टाका. डोनर गाडी अपघातात बाद ठरलेली होती का, हेही.

२०१२ चा ग्राहक विमा प्रकटीकरणाचा कायदा इथे लागू होतो. विचारलेल्या प्रश्नांना काळजीपूर्वक खरी उत्तरं द्यायची, ही तुमची जबाबदारी. निष्काळजीपणे काही चुकीचं सांगितलं गेलं आणि खरं कळतं तर कंपनीने जास्त प्रीमियम घेतला असता, तर क्लेम त्या प्रमाणात कापता येतो. समजा तुम्ही ३०० भरले आणि खरा प्रीमियम ६०० व्हायला हवा होता. गाडीचं १०,००० चं नुकसान झालं तर हातात ५,००० येतील. खरं कळल्यावर कंपनीने विमाच दिला नसता असं असेल, तर ती प्रीमियम परत करून क्लेम नाकारू शकते. आणि जाणूनबुजून लपवलेलं सिद्ध झालं तर प्रीमियमही गेला.

हिवाळ्यात इंजिनावर काम करून ३० अश्वशक्ती वाढवली, तर ती वसंतात गाडी बाहेर काढण्याआधी कळवायची. वर्षअखेरीला नाही.

७. खर्च कमी करायचे उपाय, कामाचे आणि बिनकामाचे

मैलांची मर्यादा खाली आणणं हा सगळ्यात सोपा उपाय, पण प्रामाणिकपणे. उघड्या गाडीने ब्रिटनच्या हवेत वर्षाला ३००० मैल होणंही सोपं नसतं. मर्यादा ओलांडणार असं दिसलं तर आधी फोन करून वाढवा.

ओनर्स क्लबचं सभासदत्व बऱ्याच ठिकाणी सवलत मिळवून देतं आणि वर्गणी त्यातूनच निघू शकते. बंद गॅरेज असेल तर फरक पडतो, पण गॅरेजमध्ये ठेवतो असं लिहिलं की ठेवलीच पाहिजे. सामानाने भरलेलं गॅरेज आणि गाडी ड्राइव्हवेवर, हे चोरीच्या चौकशीत लगेच दिसतं. थॅचम या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेची मान्यता असलेला ट्रॅकर महागड्या गाडीला अटच असते. स्वस्त गाडीला तो स्वतःहून बसवण्याआधी वार्षिक वर्गणी आणि मिळणारी सवलत यांची बेरीज-वजाबाकी करा. बऱ्याचदा जमत नाही. काढता येणारं स्टिअरिंग व्हील आणि बॅटरी तोडायची चावी यांनी प्रीमियम फार हलत नाही, पण दारं-छप्पर नसलेल्या गाडीला ती हवीतच.

स्वतःहून एक्सेस वाढवली की प्रीमियम उतरतो. लहानसहान नुकसान तुम्ही घरीच दुरुस्त करणार असाल तर हे फायद्याचं. मासिक हप्ते मात्र टाळा, ते कर्जच असतं. व्याजदर विचारलात की पूर्ण रक्कम एकदम भरायची बुद्धी होते.

हिवाळ्यात गाडी बंद ठेवणार असाल तर विमा रद्द करून सॉर्न भरण्याआधी रद्द करण्याची फी बघा. बरेचदा फक्त आग-चोरीवर आणणारी सोय त्याच पॉलिसीत मिळते, आणि गॅरेजमधली गाडी उघडी पडत नाही.

नो क्लेम बोनसचं गणित इथे वेगळं आहे. तुमचा बोनस रोजच्या गाडीवर अडकलेला असतो, आणि किट कारच्या अनेक योजना तो मागतही नाहीत, देतही नाहीत. पुढे हीच गाडी रोज वापरायचा विचार असेल तर बोनस साठतो का, ते आत्ताच विचारा.

८. पॉलिसीतली बारीक अक्षरं

ट्रॅक डे, म्हणजे स्वतःची गाडी रेस ट्रॅकवर चालवायचा दिवस, जवळजवळ नेहमीच वगळलेला असतो. त्यासाठी दिवसापुरता वेगळा विमा मिळतो, एक्सेस मोठी असते. जर्मनीतला न्यूरबुर्गरिंग हा रेस ट्रॅक टोल रोड आहे म्हणून साध्या विम्यात बसतो, अशी एक लाडकी समजूत आहे. बहुतेक पॉलिसींत तो नाव घेऊन वगळलेला असतो.

युरोपात न्यायची असेल तर २ ऑगस्ट २०२१ पासून युरोपीय संघाच्या देशांत ग्रीन कार्ड लागत नाही. पण कायद्याने मिळणारं संरक्षण तिथे किमान थर्ड पार्टीपुरतंच. पूर्ण विमा तिकडेही लागू आहे का आणि किती दिवस, ते लेखी घ्या.

लग्नाची गाडी म्हणून भाड्याने देणं हा हौसेचा वापर नाही. बोफर्डसारख्या जुन्या धाटणीच्या किट गाड्यांना ओळखीतून नेहमी विचारणा होते. पैसे घेतलेत तर वेगळा विमा लागतो. पेट्रोलपुरते घेतले तरी आधी विचारा.

रात्री घरापासून दूर असताना गाडी कुठे ठेवायची, छप्पर उघडं असताना चोरी झाली तर काय, आणि सुटे भाग किती रकमेपर्यंत धरले आहेत, ही तीन कलमंही वाचा. पसंत पडलं नाही तर कागद मिळाल्यापासून किंवा पॉलिसी सुरू झाल्यापासून, जे नंतर होईल तेव्हापासून, १४ दिवसांत पॉलिसी परत करता येते. वापरलेल्या दिवसांचे पैसे आणि फी कापली जाते.

९. जवळ ठेवायची कागदपत्रं

- ब्रिटिश परवाना, आणि असेल तर भारतातल्या विम्याचं नो क्लेम पत्र
- किटच्या आणि सर्व मुख्य भागांच्या पावत्या. डोनर गाडीचे कागद
- चासी नंबर आणि इंजिन नंबर, फोटोसह
- जोडणीच्या टप्प्याटप्प्याचे फोटो
- आयव्हीए प्रमाणपत्र आणि डीव्हीएलएला पाठवलेल्या फॉर्मच्या प्रती
- बदलांची यादी आणि ब्रोकरने दिलेली पोच
- ॲग्रीड व्हॅल्यूचं पत्र, मुदतीच्या तारखेसह
- रोजच्या गाडीच्या विम्याचा पुरावा
- ट्रॅकर किंवा इमोबिलायझरचं प्रमाणपत्र

१०. दुसऱ्या वर्षी

जानेवारी २०२२ पासून जुन्या ग्राहकाला नूतनीकरणाचा दर नव्या ग्राहकाच्या तशाच पॉलिसीपेक्षा जास्त लावता येत नाही. म्हणून दरवर्षी कंपनी बदललीच पाहिजे असं राहिलं नाही. तरी आपोआप नूतनीकरण बंद ठेवा, कारण ते चालू असलं की कागद न वाचताच वर्ष पुढे ढकललं जातं. ब्रोकरला नूतनीकरणाच्या तीन-चार आठवडे आधी फोन करा. मैल किती झाले, काय बदललं, गाडीच्या किमतीत फरक पडला का, ते सांगा आणि नवे फोटो पाठवा. परवान्याचं वर्ष वाढलेलं असतं, तेही त्याच्या लक्षात आणून द्या. नवशिक्याला पहिल्या दोन-तीन वर्षांत सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडतो.

क्लेमवरून वाद झाला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. आठ आठवड्यांत शेवटचं उत्तर आलं नाही, किंवा आलं आणि पटलं नाही, तर फायनान्शियल ओम्बड्समन सर्व्हिस या तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे जाता येतं. ग्राहकाला त्याचे पैसे पडत नाहीत. कंपनीचं अंतिम पत्र आल्यापासून सहा महिन्यांच्या आत मात्र जायला हवं.